किमानवाले काका

माणसाला एखादं वेड असावं, याला माझी ना नाही. पण एकाच्या वेडापायी दुसऱ्याने ओली चादर खाटेखाली वाळत घालायची, हे मला आजही पटत नाही. आणि मी ती घातलेली आहे. पावसाळ्यात नव्हे, चांगल्या कोरड्या हिवाळ्यात, बाहेर एवढं मोठं अंगण मोकळं पडलेलं असताना!

अंगणात दोरी बांधायला बंदी होती. कारण अंगणात पेटी होती.

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून जी गावं आहेत, त्यांतल्या एका गावात हे घर. रस्त्यापलीकडे लूमचे कारखाने, मागे गोदामांचे पत्रे, आणि मधे हे कौलारू घर नि त्याचं गवताचं अंगण. मी त्या गोदामांपैकी एकात सुपरवायझर होते. मुरबाडकडून रोजची ये-जा झेपेना म्हणून खोली शोधत होते. गोदामातल्याच एका बाईने ही खोली सुचवली आणि वर म्हणाली, "मालक जरा तसे आहेत."

"तसे म्हणजे? पितात का?"

"पीत असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मी ती पेटी पाहिली. पांढरी, लाकडी, चारी बाजूंना झडपा, चार पायांवर छातीएवढी उंच. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, कबुतरं पाळता वाटतं?" झालं! तो माणूस माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. खोलीची किल्लीसुद्धा काकींनी आणून दिली. नंतर बोलायला लागले, तेव्हा वाटलं, आधीच बरं होतं.

पेटी सरकारच्या हवामान खात्याची. कधीकाळी त्या खात्याला या भागातलं तापमान हवं होतं, म्हणून त्यांनी काकांचं अंगण निवडलं आणि रीडिंग घ्यायला काकांनाच नेमलं. पुढे कुठेतरी खांबावर आपोआप आकडे पाठवणारं यंत्र बसलं. खात्याने कळवलं, आता बंद करा, सामान न्यायला माणूस येईल. तो माणूस काही आला नाही. दुसऱ्या कोणी त्या पेटीत कोंबड्या ठेवल्या असत्या. काका मात्र रोज पहाटे उठून रीडिंग घेत राहिले. विचारणारं कोणी नाही, घेणारं कोणी नाही. मी एकदा म्हटलं, "काका, खात्याने बंद करा सांगितलं ना?" तर म्हणाले, "खातं बंद झालं. थंडी बंद झाली नाही."

पेटीत पूर्वी बरीच उपकरणं होती म्हणे. काकांचा जीव एकाच नळीत. किमान तापमापक. म्हणजे सगळ्यात कमी तापमान नोंदवणारी नळी. ती आडवी ठेवलेली असते. आत पाण्यासारखं स्पिरिट, आणि स्पिरिटमध्ये टाचणीएवढी काळी काडी. थंडी वाढली की स्पिरिट मागे सरतं आणि जाताना काडीला ओढून नेतं. ऊन चढलं की स्पिरिट पुढे जातं, काडी मात्र तिथंच. म्हणजे रात्रीत तापमान खाली कुठवर उतरलं ते सकाळी काडी सांगते. मग नळीचं फुग्याचं, म्हणजे स्पिरिट साठलेलं, टोक हळूच उचलायचं, काडी घरंगळत पुन्हा स्पिरिटच्या कडेला येऊन थांबते, की दुसऱ्या दिवसासाठी तयार. एवढंच आहे ते. मी तुम्हाला पाच-सहा वाक्यांत सांगितलं. काकांनी मला ते अख्खा हिवाळा सांगितलं.

त्यात पारा नसतो. हे लक्षात ठेवा, नाहीतर तुमचीही धडगत नाही. समोरच्या लूमवरचा एक भैया रोज पाळी सुटली की गेटपाशी सायकल थांबवून ओरडायचा, "चाचा, आज पारा कितना गिरा?" आणि काका आतून, "पारा नहीं है! स्पिरिट है! कितनी बार बोला!" तो भैया खुशीत निघून जायचा. त्याला उत्तर नकोच असायचं, त्याला हेच हवं असायचं. मला कळत होतं, काकींना कळत होतं, साऱ्या गावाला कळत होतं. काका रोज फसायचे.

आता नियम ऐका. अंगणात फरशी घालायची नाही, फरशी तापते. कपडे वाळत घालायचे नाहीत, ओल सुटते. मोटारसायकल आत आणायची नाही, इंजिन गरम असतं. शेकोटी? नावच काढू नका. पौषात सगळं गाव दारोदार शेकत बसलेलं, आणि आम्ही तिघं कुडकुडत ओटीवर. पाणी तापवायचा बंब घराच्या मागे नेलेला. काकींचे गुडघे धड नाहीत, तरी त्या बिचाऱ्या मागून कढत पाण्याच्या बादल्या घेऊन अख्ख्या घराला वळसा घालायच्या. माझ्या खोलीची एकच खिडकी अंगणाकडे होती. कुकर लावला की ती बंद करायची. शिट्टी झाली आणि खिडकी उघडी दिसली, की दारावर टकटक.

"भाडेकरू! वाफ येत्ये बाहेर!"

मला ते 'भाडेकरू'च म्हणायचे. मला नाव आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

मी आल्या आल्या एकदा पाय धुऊन उरलेलं ऊन पाणी गवतावर ओतलं. तेवढ्यात हा माणूस "अहो! अहो! अहो!" करत धावत आला. मला वाटलं पायाशी नाग आहे. मी बादली टाकून ओटीवर उडी मारली. नाग नव्हता. गवत तापलं होतं. त्या दिवसापासून घरी कोणीही आलं की माझी ओळख अशी: "ह्या आमच्या भाडेकरू. ह्यांनी अंगणात गरम पाणी ओतलं होतं." मी पुढे त्यांना गावाकडचे तांदूळ आणून दिले, काकींना दवाखान्यात नेलं, गणपतीत रात्रभर मोदक वळले. ओळख बदलली नाही.

आणि हे माझ्याच वाट्याला नव्हतं. त्या माणसाची रीतच ती. डॉक्टरांना रस्त्यात भेटले की सोबतच्याला सांगायचे, "ह्यांनी एकदा माझ्या चुकीच्या दंडावर सुई टोचली." भाजीवाली दिसली की, "हिने एकदा किडकी वांगी दिली होती." ती बाई म्हातारी झाली, तिच्या जागी सून बसायला लागली, तरी वांगी किडकीच. काकींबद्दल विचाराल, तर लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातून भात करपला होता. काकी एकदा माझ्या कानात म्हणाल्या, "बाय, नंतर किती भात शिजवला, त्याचा हिशोब कुठं हाय?"

"कमाल कोणीही सांगेल," काका म्हणायचे. हे त्यांचं आवडतं. "दुपारी ऊन डोक्यावर बसतं, सगळ्यांना कळतं. किमान असतं पहाटे. तेव्हा सगळे झोपलेले. वस्तू खरी किती उतरते, ते कोणी बघत नाही. ते बघावं लागतं."

"माणसांचंसुद्धा?" मी एकदा चिडून विचारलं.

"माणसांचं तर आधी."

"आणि तुमचं स्वतःचं किमान काय, काका?"

मला वाटलं आता सापडले. पण ते अगदी शांतपणे म्हणाले, "स्वतःचं घेता येत नाही. तोंड जवळ नेलं की श्वासाची ऊब लागते, रीडिंग चुकतं. म्हणून श्वास धरून वाचायचं असतं. स्वतःपुढे श्वास कसा धरणार?" आता याला काय म्हणायचं? कपाळाला हात लावून मी आत गेले.

काकींच्या मनात मात्र एकच गोष्ट होती, आणि ती त्या कोणापासून लपवत नव्हत्या. त्यांना त्यांचा मुलगा घरी यायला हवा होता.

एकुलता एक मुलगा. मी ज्या खोलीत राहत होते, ती त्याचीच. गावात ज्याच्या त्याच्या अंगणात शेड उभ्या राहत होत्या, तेव्हा याच्याही मनात आलं, आपणही शेड टाकावी, दोन लूम बसवावेत. कोणाच्या पोटावर पाय देऊन नाही, स्वतःच्या घरच्या जागेत. काका म्हणाले, अंगणात लूम आला की थंडी गेली. वाद वाढला. वाढता वाढता गल्ली गोळा झाली, आणि भरल्या गल्लीत मुलगा बापाला म्हणाला, "तुम्ही मेलात तरी खांदा द्यायला यायचो नाही." बोलू नये ते बोलला. बायको घेऊन अंबाडीला गेला, तिथे भाड्याने राहतो, टेम्पो चालवतो. पुढे निवळला. सणाला यायचा, गेटच्या बाहेर उभा राहायचा, आईला भेटून परत जायचा. नात झाली, ती काकींनी गेटवर पाहिली. काका ओटीवर पाठ करून बसलेले.

मी एकदा मध्ये पडले. मला नसता शहाणपणा. म्हटलं, "काका, किती वर्षं झाली, रागात बोलला तो."

"त्या दिवशी तो जिथवर उतरला, तिथं तो आहे," काका म्हणाले.

अशा माणसाला त्या माघात हर्नियाने आडवं केलं. भिवंडीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन. दुसऱ्या कोणी विचारलं असतं, भूल किती वेळ राहील, दुखेल का. हे स्ट्रेचरवर झोपल्या झोपल्या मला म्हणतात, "भाडेकरू, उद्याचं रीडिंग?"

"काका, माझी शिफ्ट सहाला सुरू होते."

"मग निघायच्या आधी घ्या."

"आणि सगळ्यात थंड सूर्य उगवताना असतं ना? मग आधी घेऊन कसं चालेल? तुम्हीच सांगता."

ते खूश झाले! पोटाला चीर द्यायला नेताहेत आणि हे खूश! "शिकलात," म्हणाले, आणि नर्सला सांगायला लागले की ह्या आमच्या भाडेकरू, ह्यांनी अंगणात गरम पाणी ओतलं होतं. काकी घाईघाईने म्हणाल्या, "मी बघतं रीडिंगचं. तुमी जा आता आत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावरून आले, तर काकी ओटीवर माझी वाट बघत. "अकरा पॉईंट चार," म्हणाल्या. "हॉस्पिटलात जाशील ना, तेव्हा सांग."

मी चाट पडले. काकींना घड्याळ वाचता येत नाही. "काकी, पॉईंट तुम्ही वाचलात?"

काकींनी मान फिरवली. मग माझा हात धरून एकदम म्हणाल्या, "पोरगा आला होता. मीच फोन केला. बापानं लहानपणी त्याला शिकवलाय ना. पहाटेचा अंबाडीवरून गाडी मारत आला. रोज येन म्हणलाय. त्यांना सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. तू घेतलंस म्हणून सांग."

"मी सहाला कामावर असते, काकी!"

"सांग, शिफ्ट बदलून घेतली."

घ्या! म्हणजे खोटं मी बोलायचं. बोलले. काय करणार? बाईचे डोळे बघवत नव्हते.

संध्याकाळी हॉस्पिटलात सांगितलं, "अकरा पॉईंट चार." काका टाक्यांसकट उठून बसले.

"अकरा? आपल्या अंगणात अकरा?"

साऱ्या वॉर्डाला सांगून झालं. शेजारच्या खाटेवरच्या चाचांना हिंदीत सांगितलं. वॉर्डात पंखे फिरत होते. दुसऱ्या दिवशी दहा पॉईंट आठ. डॉक्टर राउंडला आले तेव्हा काका त्यांचा हात सोडेनात. "लूम आले, गोदामं आली, सगळे म्हणाले भिवंडीची थंडी संपली. माझ्या अंगणात नाही संपली! मी जागा राखली म्हणून!"

"बाबा, मी काल पंखा लावून झोपलो," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला थंडीतलं काय कळतं? तुम्ही डॉक्टर लोक दंड चुकता."

मी तिथून तोंड लपवून बाहेर पडले. पण खरं सांगू? त्या माणसाला इतकं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं. ज्या थंडीसाठी पोटच्या पोराला घालवलं, ती थंडी खरोखर अंगणात आहे, हे त्याला रोज संध्याकाळी माझ्याकडून कळत होतं. उलटतपासणी मात्र सुटली नाही.

"काडीचं कुठलं टोक वाचलंत?"

"फुग्यापासून लांबचं."

"श्वास धरला होता?"

"हो."

"दोन रेघांच्या मधला दशांश कसा काढलात?"

"अंदाजाने. मधल्या जागेचे मनातल्या मनात दहा भाग करून." हे मला काकींच्या मुलाने फोनवर पढवून ठेवलं होतं, बापाच्याच शब्दांत.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्यांना घरी आणलं त्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले आणि काकींना हळूच विचारलं, "तुमच्या मुलाला कळवलंत ना? उद्या येऊ नको म्हणून?"

"विसरले बाय," काकी म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या. विसरलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी. उजाडताना मी ब्रश घेऊन खोलीबाहेर आले, तर काका मफलर गुंडाळून, पोट हाताने दाबत ओटीच्या पायरीवर. काकी त्यांच्या मागे दारात. आणि अंगणात, पेटीचं दार उघडून, टॉर्च धरून मुलगा वाकलेला. गाडी बाहेर रस्त्यावरच लावलेली होती. वाचून झालं, त्याने श्वास सोडला, वळला, आणि समोर बाप.

मी ब्रश तोंडात तसाच धरून उभी. फेस हनुवटीवर आला तरी हलले नाही.

"किती?" काकांनी विचारलं. इतक्या वर्षांनी मुलाशी बोललेला पहिला शब्द!

"दहा पॉईंट सहा, बाबा."

काका पायरी उतरले. पेटीपाशी गेले. चष्मा वर केला, श्वास धरला, वाचलं. मग पेटीपासून दूर जाऊन त्यांनी तोंडाने 'हू' केलं. पुन्हा केलं.

"दहाला तोंडातून वाफ निघते," ते म्हणाले. "ही कुठाय?"

त्यांनी नळी पेटीतल्या हुकांवरून अलगद काढली, उजेडाकडे धरली आणि फुग्याच्या उलट टोकाशी, जिथे नळी पितळी पट्टीत बसवलेली असते, तिथे नखाने दाखवलं. पट्टीखाली स्पिरिटचा एक तुकडा अडकून बसला होता. मधे रिकामी जागा. जेवढं स्पिरिट तिथे अडकलं, तेवढं खाली कमी, म्हणून काडी रोज उगाचच खाली. काकांनी ते कोणाला समजावलं नाही, पण एवढा हिवाळा ऐकून माझ्यासारखीलाही ते दिसलं.

"कोणीतरी झटकलंय," काका म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "तापाचा झटकतात तसा. कोणी?"

"मी," मुलगा म्हणाला.

"खोटं बोलू नको," काका एकदम ओरडले. "तू झटकणार नाहीस! मी शिकवलंय तुला. तू मरशील पण झटकणार नाहीस!"

मुलगा बघतच राहिला. मीही. हा माणूस कोणाबद्दल असं काही बोललेला मी ऐकला नव्हता, आणि बोलला तो ओरडून, शिवी दिल्यासारखा.

"मी झटकला," मागून काकी म्हणाल्या. गुडघे धरत त्या पायऱ्या उतरल्या. "पहिल्या दिवशी, काळोखातच. मना वाटला आपणच बघू. काय दिसंना, म्हणून झटकला. मग भ्याले, पोराला फोन केला. मना काय माहीत? एवढी वर्सं त्या पेटीला हात तरी लावू दिलात का?"

आता काय होणार, ते मला दिसत होतं. करपलेला भात एका बाजूला आणि हे एका बाजूला. मरेपर्यंत येईल त्याला हेच ऐकायला मिळणार, 'हिने माझी नळी झटकली होती.' काका तोंड उघडणार, तेवढ्यात काकींनीच विचारलं, "ती काडी तुमी रोज सकाळी परत जागेवर आणून ठेवता ना?"

"हो. मग?"

"न्हाय ठेवली तर काय होईल?"

"काय होईल म्हणजे? कालच्या जागीच राहील. आजचं रीडिंग चुकेल."

"मग माझ्या पोराची काडी कवापासून तिथंच ठेवलीय तुमी?" काकींचा आवाज सगळ्या गल्लीत गेला. "एक दिस बोलला तो! एक दिस! त्याच्यानंतर रोज उठून तुमी चुकीचा रीडिंग घेता आणि वर मना सांगता, मी बरोबर हाय! माझी पण तिथंच, त्या भातावर! तुमाला लाज न्हाय वाटत? खात्याचा माणूस म्हणवता!"

समोरचे लूम खटखटत होते. गेटपाशी तो भैया सायकल घेऊन आला होता, पण त्याने पाऱ्याचं विचारलं नाही. काका नळी हातात घेऊन उभे. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मग खाली गवताकडे बघत राहिले.

"धर," शेवटी ते मुलाला म्हणाले. "माझे टाके ओढतात. फुगा खाली. वरचं टोक मुठीत घट्ट. हात लांब कर आणि वरून खाली सोड. झटका नाही. झोका."

मुलाने हात फिरवला.

"हळू! गोफण आहे का ती?"

पुन्हा फिरवला. काका प्रत्येक वेळी जवळ जाऊन बघायचे आणि काहीतरी चूक काढायचे. कोपर वाकलं, पाय जवळ घे, अंबाडीला काय दंड गळून पडले का. मुलगा "हो बाबा, हो बाबा" करत फिरवत होता आणि रडत होता. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. काकांना दिसलं असेल, पण ते त्याच्या कोपराकडेच बघत होते.

वरचा तुकडा सुटला आणि खालच्या स्पिरिटला येऊन मिळाला. काकांनी नळी पेटीत आडवी ठेवली. जरा वेळ सगळे थांबलो.

"वाच," ते म्हणाले.

"सतरा," मुलगा म्हणाला. मग म्हणाला, "पॉईंट दोन."

"सतरा," काका म्हणाले. "म्हणजे थंडी नव्हतीच."

सगळा हिवाळा मी त्या थंडीच्या नावाने बोटं मोडली होती, आणि आता मलाच वाईट वाटत होतं.

"पडेल, बाबा," मुलगा म्हणाला. "माघ आहे अजून."

काकांनी पेटीचं दार लावलं. "आजचं रीडिंग नाही," ते काकींना म्हणाले. "चहा ठेव. तिघांना."

तिघांना! मी चौथी तिथे फेसाळलेल्या तोंडाने उभी होते. पण ते जाऊ द्या. काकींनी माझा कप न सांगता आणला, आणि देताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या रडल्या की चहा माझ्या कपड्यांवर सांडला.

त्याच संध्याकाळी दारावर टकटक. मला वाटलं, कुकरचं. खिडकी तर बंद होती.

"भाडेकरू, खोली रिकामी करावी लागेल," काका म्हणाले. "तो येतोय. बायको आहे, मुलगी आहे. खोली त्याचीच. एक महिना देतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो काका! हॉस्पिटलात रोज कोण येत होतं? तुमच्या उलटतपासण्या कोणी झेलल्या? तुमच्या बायकोसाठी खोटं कोण बोललं?"

"तुम्ही," काका म्हणाले. "म्हणून तर महिना. एरवी आठवडाच दिला असता."

मी तोंड उघडलं. चांगलं खरमरीत तयार होतं माझ्याकडे, सगळ्या हिवाळ्याचं साठलेलं. तेवढ्यात ओटीवरून काकी फोनवर बोलताना ऐकू आल्या. पलीकडे नात असावी. काकी तिला विचारत होत्या, आजीकडे राहायला येशील तेव्हा काय काय खाशील, आणि तिच्या उत्तरांवर मोठमोठ्याने हसत होत्या. त्या घरात मी काकींना असं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

आता भांडणार काय, कप्पाळ!